वांग्याबद्दल विचारलं, मग तांदळाबद्दल का नाही?

२०१० सालच्या जानेवारीत देशाचे पर्यावरणमंत्री एका भाजीसाठी शहरोशहरी फिरत होते. भाजी होती वांगं. कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळुरू अशा सात ठिकाणी जयराम रमेश यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या. बीटी वांगं बाजारात येऊ द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. शेतकरी, शास्त्रज्ञ, बियाणं कंपन्यांची माणसं, डॉक्टर, ग्राहक संघटना, विद्यार्थी असे साधारण आठ हजार लोक या सुनावण्यांना आले. तुम्ही तेव्हा बालवाडीत असाल किंवा नुकते पाटीवर गमभन गिरवत असाल. त्यामुळे हे तुम्हाला आठवण्याचं काही कारण नाही. पण आज एआयपासून जनुकं कातरलेल्या तांदळापर्यंत रोज काहीतरी नवं आपल्या ताटात आणि मोबाइलमध्ये येतंय, तेव्हा ती वांग्याची गोष्ट परत एकदा काढायला हवी.

आधी ते वांगं नेमकं काय होतं ते बघू. मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूतलं जनुक वांग्याच्या झाडात घातलं, की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि शेंडा व फळ पोखरणारी अळी ते खाऊन मरते. वांग्यावर या अळीसाठी भरमसाट फवारण्या होतात, हे कुठल्याही भाजीवाल्या शेतकऱ्याला विचारा. म्हणजे कल्पना फालतू नव्हती. ती आणली होती आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीनं, मोन्सँटोच्या तंत्रज्ञानासह. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं हिरवा कंदील दाखवलाही होता. एरवी गोष्ट इथंच संपली असती. समितीनं मान डोलवायची, मंत्र्यानं सही करायची आणि आपण बाजारात जाऊन भरताची वांगी घ्यायची.

पण त्या वेळी मंत्र्यांनी सही करण्याआधी लोकांना विचारलं. ९ फेब्रुवारी २०१० ला निर्णय आला : तूर्त स्थगिती. कारणं लेखी दिली गेली. सुरक्षिततेच्या चाचण्या मुख्यतः कंपनीनंच केल्या होत्या, स्वतंत्र चाचणीची सोय पुरेशी नव्हती. भारतात वांग्याच्या शेकडो देशी जाती आहेत, त्यांचं काय होईल हा प्रश्न होता. ज्या राज्यांनी उत्तरं पाठवली त्यांचे आक्षेप होते. आणि कोण काय म्हणालं, याचा जाडजूड दस्तऐवज निर्णयासोबत जाहीर झाला. निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, तो कुठल्या पायावर उभा आहे हे कुणालाही वाचता येत होतं.

आता लगेच 'व्वा, काय लोकशाही!' म्हणून टाळ्या वाजवू नका. कारण या गोष्टीचा दुसरा भाग तितकासा गोड नाही. त्या सुनावण्यांत गोंधळही झाला. घोषणा झाल्या, फलक नाचले, काही शास्त्रज्ञांना आपलं बोलणं कुणी ऐकूनच घेत नाही असं वाटलं. आणि मुख्य म्हणजे स्थगितीनंतर पुढं काय, याचं वेळापत्रकच नव्हतं. स्वतंत्र अभ्यास होऊन लोकांचं आणि तज्ज्ञांचं समाधान होईपर्यंत स्थगिती, असं ठरलं. तो अभ्यास कुणी करायचा, किती वर्षांत करायचा, पुन्हा लोकांसमोर कधी यायचं, हे सगळं हवेत राहिलं. शेजारच्या बांगलादेशानं २०१३ मध्ये बीटी वांग्याला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी ते तिथल्या शेतात गेलंसुद्धा. आपण तिथंच.

दार बंद करून आत चर्चाच केली नाही, तर लोक खिडकीतून येतात. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशकाला दाद न देणारं, परवानगी नसलेलं एचटीबीटी कापूस बियाणं जाहीरपणे पेरलं. 'आम्हाला हे तंत्रज्ञान हवंय, तुम्ही का अडवता?' असा त्यांचा सवाल होता. त्याच विदर्भात बीटीला कडाडून विरोध करणारे शेतकरीही आहेत. म्हणजे 'लोकांचं मत' असा एकच गठ्ठा कुठं नसतो. लोकांना विचारायचं म्हणजे नवं काहीही आलं की त्याला नाही म्हणायचं, असा अर्थ काढत असाल तर अकोटकडे बघा. तिथं लोक हो म्हणत होते आणि त्यांनाही कुणी नीट विचारलेलं नव्हतं.

यावर एक हमखास आक्षेप येतो. तुमच्यातले सायन्सवाले तर नक्की म्हणतील, 'अहो, जनुकं, प्रथिनं, अल्गोरिदम हे सामान्य माणसाला काय कळणार? ऑपरेशन करताना डॉक्टर वॉर्डात मतदान घेतो का?' मुद्दा रास्त आहे. प्रथिन विषारी आहे की नाही हे हात वर करून ठरवता येत नाही, ते प्रयोगशाळेतच ठरतं. पण तंत्रज्ञान प्रयोगशाळेत राहत नाही ना! ते शेतात जातं, घरात जातं, आणि तिथं काय होतं याचं ज्ञान बऱ्याचदा फक्त तिथल्या माणसाकडे असतं.

यवतमाळचं उदाहरण घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात तिथं कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. औषधाच्या डब्यावर सूचना होत्याच : हातमोजे घाला, मास्क लावा, अंगभर कपडे घाला. कागदावर सगळं 'सुरक्षित' होतं. पण दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन, दिवसाच्या मजुरीवर फवारणाऱ्या माणसाला ते मोजे कोण देणार? ते घालून तो किती वेळ टिकणार? त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता, असंही नंतर पुढं आलं. ही माहिती कुठल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात नसते, ती फवारणाऱ्याला असते. त्याला आधी विचारणं हे त्याच्यावर उपकार म्हणून करायचं काम नाही. ते चाचणीचाच एक भाग आहे. तो गाळला, तर चाचणी अर्धवट झाली असं सरळ म्हणायला हवं.

आता वांगी-कापूस सोडून तुमच्या खिशातल्या वस्तूकडे येऊ. आज तुम्ही एकाच डेटा पॅकवर व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, कॉलेजचं पोर्टल आणि एखाद्या छोट्या स्टार्टअपचं अ‍ॅप सारख्याच दरानं वापरता. हे आपोआप झालेलं नाही. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'नं एक सल्लामसलतीचा कागद काढला. ११८ पानं, २० प्रश्न, भाषा अशी की पहिल्या पानावर झोप यावी. प्रश्न मात्र थेट आपल्याशी संबंधित होते. काही अ‍ॅप्सना वेगळे नियम लावायचे का? इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइट्सना समान वागवायलाच हवं का?

मग काही तरुण मंडळींनी ती ११८ पानं सोपी करून लिहिली. उत्तरं पाठवण्यासाठी वेबसाइट तयार केली. एआयबीच्या कॉमेडियन पोरांनी व्हिडिओ काढला. बघता बघता दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं नियम केला की कुठली साइट बघता यावर डेटाचे दर बदलता येणार नाहीत. फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ही योजना भारतातून गुंडाळली गेली.

यातही एक ठेच लागली होती, ती नीट लक्षात घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकनंही आपल्या वापरकर्त्यांना एक बटण दिलं : दाबा, आणि फ्री बेसिक्सच्या बाजूनं तयार मेल ट्रायला जाईल. लाखो मेल गेले. पण ट्रायनं जे प्रश्न विचारले होते त्यांची उत्तरंच त्या तयार मजकुरात नव्हती. ट्रायनं तसं फेसबुकला स्पष्ट कळवलं. खरं सांगायचं तर पहिल्या मोहिमेतले बरेच मेलसुद्धा साच्यातलेच होते. फरक एवढाच की त्या साच्यात वीस प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं भरलेली होती. म्हणून 'आमचे इतके लाख' हा आकडा फार मिरवू नये. फॉरवर्ड करणं म्हणजे मत देणं नाही. एका विद्यार्थिनीनं आपल्या तालुक्यात नेट कसं चालतं, कितीचं पॅक परवडतं, हे चार ओळींत लिहून पाठवलं असेल तर ते हजार कॉपी-पेस्टपेक्षा कामाचं आहे.

वेळेचाही एक घोळ आहे. डेव्हिड कॉलिंग्रिज नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं १९८० मध्ये तो फार नेमका मांडला. तंत्रज्ञान नवं असतं तेव्हा ते बदलणं सोपं असतं, पण त्याचे परिणाम काय होतील हे कळत नाही. परिणाम कळायला लागतात तोवर ते इतकं मुरलेलं असतं की बदलणं महाग आणि अवघड होऊन बसतं. तुमच्या हातातल्या फोनबद्दलच विचार करा. रात्री दोनपर्यंत रील्स बघायला लावणारी रचना घातक आहे का, ही चर्चा आज होतेय. ती रचना ठरत होती तेव्हा तुमच्या वयाच्या कुणाला विचारलं होतं? म्हणून विचारायचं तर लवकर विचारायला हवं. सगळं ठरल्यावर 'जनजागृती'चे फलक लावणं याला सहभाग म्हणत नाहीत, त्याला प्रचार म्हणतात.

लवकर विचारायचं कसं, याचे नमुने जगात आहेत. डेन्मार्कनं १९८७ पासून एक पद्धत चालवली. पंधरा-एक साधी माणसं निवडायची, म्हणजे शिक्षिका, सुतार, विद्यार्थी वगैरे. त्यांना विषयाची माहिती द्यायची, अभ्यासाला वेळ द्यायचा. मग तज्ज्ञांना त्यांच्यासमोर बसवायचं आणि प्रश्न या माणसांनी विचारायचे. शेवटी ती मंडळी एकत्र बसून अहवाल लिहितात आणि तो जाहीर होतो. पहिलाच विषय होता शेती आणि उद्योगातलं जनुक तंत्रज्ञान. यात कुणी घोषणा देत नाही, कारण बोलायला पुरेसा वेळ मिळतो. आपल्याकडं सुनावणीत माणसाला दोन मिनिटं माइक मिळतो, मग तो ओरडतो, आणि मग आपणच म्हणतो, 'बघा, लोकांना चर्चा करता येत नाही.'

आता आजचं चित्र बघा. मार्च २०२२ मध्ये केंद्रानं ठरवलं की बाहेरचं जनुक न घालता, झाडाच्या स्वतःच्याच जनुकांत बदल केलेल्या काही प्रकारच्या पिकांना बीटी वांग्यासारखी लांबलचक परवानगी लागणार नाही. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं असे दोन तांदूळ जाहीर केले. 'कमला' हा जास्त उत्पादन देणारा आणि लवकर तयार होणारा, तर 'पुसा डीएसटी राइस १' हा खारवट जमिनीत तगणारा. आपल्याच सरकारी संस्थांतल्या शास्त्रज्ञांचं काम आहे, पाणी वाचवू शकेल असं आहे. त्याचं कौतुक करायलाच हवं. पण वांग्यासाठी झाल्या तशा शहरोशहरी सुनावण्या या तांदळासाठी झाल्या नाहीत. नियमांच्या मसुद्यावर आधी हरकती मागवल्या होत्या, त्या तुमच्या-माझ्यापैकी किती जणांपर्यंत पोचल्या? हे तंत्र ज्या पेटंटवर उभं आहे त्याचे पैसे उद्या कोण भरणार, शेतकऱ्याला घरचं बी ठेवता येणार का, पोत्यावर तसं लिहिलेलं असणार का? यातला एकही प्रश्न विज्ञानाच्या विरोधातला नाही. भाताची शेती असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली किंवा कोकणातली कुठलीही आजी हे प्रश्न विचारेल.

मोहरीचं प्रकरण तर कोर्टात गेलंय. २३ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं जीएम मोहरीच्या परवानगीवर एकमत झालं नाही. पण एका गोष्टीवर दोघंही ठाम होते : अशा पिकांसाठी केंद्रानं राष्ट्रीय धोरण आखावं, आणि ते शेतकरी, राज्यं, तज्ज्ञ अशा सगळ्या संबंधितांशी सल्लामसलत करून आखावं. म्हणजे विचारणं ही मंत्र्याच्या मर्जीची गोष्ट राहू नये, असंच ते सांगणं आहे.

मग विचारण्याची रीत कशी असावी? माझं मत सांगतो. पहिली गोष्ट भाषेची. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या मसुद्यावर हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की मसुदा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत आणा. केंद्राला ते मान्य नव्हतं. ज्याच्या गावाशेजारी कारखाना येणार त्यानं इंग्रजी किंवा हिंदी कागद वाचून हरकत घ्यायची, ही थट्टा आहे. दुसरी गोष्ट, उत्तरांचं काय झालं ते कळायला हवं. २०२२ मध्ये डेटा संरक्षण विधेयकाच्या मसुद्यावर सूचना मागवताना सरकारनं आधीच सांगून टाकलं होतं की आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत. तुम्ही पाठवलेलं कुणी वाचलं की नाही, कंपन्यांनी काय मागितलं आणि त्यांना काय मिळालं, काहीच कळायला मार्ग नाही. २०१० च्या वांग्याच्या दस्तऐवजाशी हे ताडून बघा. आणि तिसरं म्हणजे विचारून झाल्यावर विषय गोठवू नये. 'इतक्या वर्षांत हा अभ्यास करू, मग परत तुमच्याकडं येऊ' असं तारखेसह सांगायला हवं.

'हे सगळं सरकारनं करायचं, आम्ही काय करणार?' असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या कॉलेजात चेहरा स्कॅन करून हजेरी घ्यायचं ठरतंय का? अनेक ठिकाणी ठरतंय. तुमचा चेहरा कुठल्या सर्व्हरवर राहणार, किती दिवस, कंपनी कोणती, कॉलेज सोडल्यावर तो पुसणार का, आणि ज्याला नको असेल त्याच्यासाठी रजिस्टरवर सही करायची सोय आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारायला मंत्री लागत नाही. प्रॉक्सी मारता येणार नाही म्हणून कुरकुर करणं वेगळं आणि हे विचारणं वेगळं. प्राचार्यांनाही बऱ्याचदा ही उत्तरं माहीत नसतात. तुम्ही विचारलंत तर ते कंपनीला विचारतील.

इंजिनिअरिंग, आयटी, ॲग्री, फार्मसीवाल्यांनो, तुमच्यासाठी तर काम हातातच आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट. आशाताईंसाठी अ‍ॅप, शेतकऱ्यांसाठी सेन्सर, अंधांसाठी काठी, हे विषय दरवर्षी असतात. त्यातल्या किती गटांनी पहिली ओळ कोड लिहिण्याआधी दोन आशाताईंसोबत अख्खा दिवस काढलेला असतो? एकदा काढून बघा. त्यांचा त्रास अ‍ॅप नसण्याचा नाही, आधीच असलेल्या चार अ‍ॅपमध्ये तेच ते भरण्याचा आहे, असं कदाचित कळेल. मग प्रोजेक्टच बदलावा लागेल. बदला. व्हायवाला परीक्षकांनी 'युजर्सना विचारलं का?' असं विचारलं नाही तरी रिपोर्टमध्ये त्यासाठी एक पान ठेवा.

आणि आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, 'आमचा काय संबंध' म्हणू नका. ११८ पानांचा कागद सहा पानांच्या सोप्या मराठीत आणणं हे काम तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार? केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. ते नेहमी पाळलं जातं असं नाही, पण मसुदे येत राहतात. कॉलेजच्या वाङ्मय मंडळानं किंवा एनएसएसच्या युनिटनं वर्षाला असा एकच मसुदा घ्यावा. वाचावा, मराठीत मांडावा, सायन्सच्या एखाद्या सरांना आणि गावातल्या दोन माणसांना बोलवून त्यावर बोलावं, आणि मुदतीच्या आत स्वतःच्या शब्दांत उत्तर पाठवावं. मराठीत पाठवावं. पोच मिळाली नाही तर माहिती अधिकारात विचारावं, त्याला दहा रुपये लागतात.

अशा वीस कॉलेजांनी केलं तर धोरण उद्या बदलेल, असं मी म्हणणार नाही. कदाचित तुमचं उत्तर कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून राहील. पण पुढच्या वेळी मंत्रालयात कुणी 'लोकांना यातलं काय कळतं' म्हणालं, तर त्याला दाखवायला तुमची पानं असतील. जीएम पिकांच्या धोरणावर सल्लामसलत कधी ना कधी निघेलच. ती निघेल तेव्हा तुमच्या घरी भात पिकतो की नुसता शिजतो, यानं फारसा फरक पडत नाही. दोन्ही घरांकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. तोवर हजेरीच्या मशीनबद्दल प्राचार्यांना द्यायचं पत्र लिहायला घ्या.